खटपट: बडोद्याच्या एका गोपनीय अहवालाची गोष्ट

‘खटपट’ हा शब्द आपण रोज वापरतो. बाइक सुरू होत नाही म्हणून केलेली खटपट, दाखल्यासाठी तलाठी कार्यालयात केलेली खटपट, जमिनीवरून दोन भावांत चाललेली खटपट. हाच शब्द १८५०च्या दशकात ब्रिटिश संसदेच्या छापील कागदांत जाऊन बसला होता. एका इंग्रज अधिकाऱ्याने तो आपल्या अहवालात इंग्रजी स्पेलिंग करून तसाच ठेवला, आणि पुढे तो अख्खा अहवालच ‘खटपट रिपोर्ट’ म्हणून ओळखला गेला. त्या अहवालात खटपट म्हणजे पडद्याआडून पैसे पेरून, ओळखी लावून वरच्या कचेरीतून आपलं काम करून घेणं.

अहवाल गोपनीय होता. तो लिहिणारा अधिकारी दोन महिन्यांच्या आत पदावरून गेला. मग ते कागद लंडनला जाऊन छापले गेले. आज एखाद्या राजदूताने आपल्या सरकारला पाठवलेली खासगी टिपणी बाहेर येते आणि मोबाइलवर तिचे स्क्रीनशॉट फिरतात, तेव्हा मला दर वेळी हे बडोद्याचं प्रकरण आठवतं. कारण अशा गदारोळात काय हरवतं, ते त्यात स्वच्छ दिसतं.

फुटणे

आमच्या आळेफाट्याला पुणे–नाशिक आणि कल्याण–नगर हे दोन रस्ते एकमेकांना छेदतात. इथल्या उपबाजारात कांद्याचा लिलाव होतो. जिथे बाजार तिथे बातमी, आणि बातमीसाठी मराठीत एक जबरदस्त क्रियापद आहे: फुटणे. भाव फुटतो, पेपर फुटतो, बातमी फुटते आणि माणूसही फुटतो. कागद बाहेर येणं आणि माणसाने बाजू बदलणं या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, आणि ते बरोबरच आहे. कागद आपणहून फुटत नाही. आधी कुणीतरी माणूस फुटावा लागतो.

याचं एक उदाहरण आमच्या तालुक्यातच आहे. आळेफाट्यावरून जुन्नर तासाभराच्या अंतरावर. शिवनेरी म्हटलं की शिवजन्म आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण १७९४ नंतर हाच किल्ला एक तुरुंग होता. राघोबादादांची मुलं, म्हणजे बाजीराव, चिमाजी आणि दत्तक मुलगा अमृतराव, यांना नाना फडणवीसांनी इथे नजरकैदेत ठेवलं होतं. तेव्हा पुण्यात गादीवर होते तरुण सवाई माधवराव, आणि कारभार सगळा नानांच्या हातात.

पहाऱ्यावरच्या अधिकाऱ्यांपैकी बळवंतराव नागनाथ हे बाजीरावाला वश झाले. त्यांच्यामार्फत शिवनेरीवरून शनिवारवाड्यात गुप्त पत्रं जाऊ लागली. पत्रांचा सूर असा होता की तुम्ही पुण्यात काय, मी जुन्नरात काय, कैदी दोघेही. सवाई माधवरावांनीही आपुलकीने उत्तरं दिली. नानांच्या हेरखात्याला याचा सुगावा लागला. बळवंतराव कैदेत गेले, बाजीरावावरचा पहारा कडक झाला आणि माधवरावांना नानांची कडक बोलणी ऐकावी लागली. २५ ऑक्टोबर १७९५ रोजी माधवराव शनिवारवाड्यात वरून खाली पडले आणि दोन दिवसांनी गेले. तो अपघात होता की आत्महत्या, यावर वाद आजही चालू आहे.

या प्रकरणात सगळी चर्चा झाली ती पत्रं कुणी पोचवली याची. पत्रातला प्रश्न मात्र खरा होता: एकवीस वर्षांच्या पेशव्याला आपल्या वडिलांच्या चुलतभावाशी बोलायची मोकळीक का नसावी? तो प्रश्न कुणी चर्चेला घेतला नाही. पत्र पकडलं गेलं, प्रश्न तसाच राहिला. हे सूत्र लक्षात ठेवा. पन्नास-पंचावन्न वर्षांनी बडोद्यात ते पुन्हा दिसणार आहे, आणि तिथे कागद एका वकिलाचे, म्हणजे आजच्या भाषेत राजदूताचे, आहेत.

रेसिडेंट नावाची खुर्ची

मराठेशाहीत प्रत्येक दरबारात दुसऱ्या दरबाराचे वकील असत. हे वकील कोर्टातले नव्हेत. धन्याच्या वतीने बोलणं आणि तिथल्या हालचाली धन्याला कळवणं हे त्यांचं काम. दिल्लीहून हिंगणे आणि हैदराबादहून गोविंदराव काळे पुण्याला जी पत्रं पाठवत, त्यांवर आज आपला निम्मा इतिहास उभा आहे. वकील जे लिहितो ते त्याच्या धन्यासाठी असतं, आणि त्यात तो मोकळेपणाने लिहितो, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

इंग्रजांचा रेसिडेंट सुरुवातीला असाच एक वकील होता. पुण्यात चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये आला. बडोद्यात मेजर अलेक्झांडर वॉकर १८०२ मध्ये आला. पण बडोद्यात एक गोष्ट वेगळी घडली. गायकवाडांचं राज्य कर्जात बुडालं होतं, आणि सावकारांना पैसे परत मिळतील याची हमी कंपनी सरकारने घेतली. हळूहळू सावकारांप्रमाणे काही कारभाऱ्यांना आणि सरदारांनाही इंग्रजांची हमी मिळाली. गंगाधरशास्त्री पटवर्धन गायकवाडांचे वकील म्हणून पुण्याला आले तेही इंग्रजांच्या हमीवरच. १८१५ मध्ये पंढरपुरात त्यांचा खून झाला आणि ते प्रकरण पेशवाईला फार महागात पडलं.

या हमीचा परिणाम साधा होता. बडोद्यातल्या एखाद्या पैशाच्या भांडणाचा निकाल राजाच्या दरबारात लागेनासा झाला. तो लागे रेसिडेंटकडे, आणि रेसिडेंटच्या वर मुंबईच्या सरकारकडे. दोनशे-अडीचशे मैलांवर बसलेले, इथली भाषा धड न समजणारे गोरे साहेब, आणि त्यांच्यापुढे कागद ठेवणारे एतद्देशीय कारकून. खटपटीला याहून सुपीक जमीन कुठली?

औट्रम साहेब

१८४७ मध्ये जेम्स औट्रम बडोद्याचा रेसिडेंट झाला. त्याआधी तो साताऱ्याचा रेसिडेंट होता, आणि त्याच्याही आधी खानदेशात. तिथे १८२५ मध्ये त्याने भिल्लांची पलटण उभारली होती. माणूस धाडसी, हट्टी आणि पैशाच्या बाबतीत कमालीचा स्वच्छ. सिंध जिंकल्यावर लुटीतला जो वाटा आला तो त्याने स्वतःसाठी ठेवला नाही, कारण ती लढाईच त्याला अन्यायाची वाटत होती. त्यावरून सेनापती चार्ल्स नेपियरशी त्याचं जाहीर भांडण झालं. वरिष्ठांना आवडेल असं लिहिण्याची सवय या गृहस्थाला नव्हती.

बडोद्यात त्याला दिसलं ते असं. गायकवाडांच्या दरबारापासून पेढ्यांपर्यंत सगळ्यांची ठाम समजूत होती की मुंबईत योग्य माणसाच्या हातावर योग्य रक्कम ठेवली की रेसिडेंटचा निर्णय फिरवता येतो. मुंबईत आपला माणूस ठेवायचा, त्याने सरकारी कचेरीत कान लावून बसायचं, कोणत्या कागदावर काय शेरा पडला हे बडोद्याला कळवायचं. ही समजूत लंडनच्या संचालक मंडळापर्यंतही पोचली होती, आणि तिचा तपास व्हावा असं त्यांनीच म्हटलं होतं.

एक प्रकरण खूप गाजलं. हरिभक्ती ही बडोद्यातली मोठी सावकारी पेढी. मालक वारला. त्याची विधवा जोइताबाई. पतीच्या मृत्यूनंतर झालेलं मूल तिचं नाहीच, बाहेरून आणलेलं आहे, असा आरोप उठवला गेला, म्हणजे पेढीचा वारसच नाहीसा. यामागे पेढीचा बलाढ्य कारभारी बाबा नाफडे आहे, असं तिचं म्हणणं. एका बाईने एवढ्या मोठ्या माणसाविरुद्ध दाद मागायची, तीही मुंबईपर्यंत जाऊन, आणि मुंबईत तर नाफड्यांचे हात पोचलेले. औट्रमने तिची बाजू उचलून धरली. पुढे रेसिडेन्सीच्या स्वतःच्या कचेरीतल्या एतद्देशीय एजंटावर, नरसोपंतांवरही, लाचखोरीचा संशय आला आणि औट्रमने त्यांच्यामागेही चौकशी लावली.

३१ ऑक्टोबर १८५१ रोजी त्याने हे सगळं एकत्र करून मुंबई सरकारला लांबलचक अहवाल पाठवला. बडोद्याच्या लोकांना मुंबई विकत घेता येते असं का वाटतं, याची ती कारणमीमांसा होती. त्यात एक कडू वाक्यार्थ दडलेला होता: लाच घेणाऱ्यांना हुडकून काढायच्या कामात मला वरून हवा तसा पाठिंबा मिळाला नाही.

जरा कल्पना करा. तुम्ही तुमच्याच कार्यालयाला ईमेल लिहिता की आपल्या कार्यालयात पैसे चालतात असं गावभर बोललं जातं, त्याची ही उदाहरणं, आणि आपण नीट तपास करत नाही म्हणून ते बोलणं थांबत नाही. उत्तरात काय येईल?

उत्तर आलं ते भाषेबद्दल. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंडच्या सरकारने अहवालाचा सूर अनादराचा ठरवला आणि औट्रमने बडोदा सोडावं असं ठरलं. डिसेंबर १८५१ मध्ये तो रेसिडेन्सीतून बाहेर पडला.

कागद लंडनला जातात

औट्रम गप्प बसणारा नव्हता. तो इंग्लंडला गेला. प्रकरण संचालक मंडळापुढे गेलं आणि मग संसदेत. बडोद्याचे कागद ‘ब्लू बुक’ म्हणून छापले गेले. निळ्या वेष्टनाचे हे सरकारी ग्रंथ म्हणजे त्या काळातले डेटा डंप समजा: पत्रं, जबान्या, शेरे, त्यांवरचे शेरे, सगळं एकत्र. मुंबईच्या कचेरीत चार डोळ्यांसाठी लिहिलेला मजकूर आता शिलिंगभर खर्च करणाऱ्या कुणालाही वाचता येत होता.

तो वाचून १८५३ मध्ये जॉन चॅपमन याने ‘बडोदा आणि मुंबई: त्यांची राजकीय नीतिमत्ता’ अशा अर्थाच्या नावाचं पुस्तकच लिहिलं. हा चॅपमन म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ज्याच्या धडपडीतून उभी राहिली तोच. त्याच वर्षी १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. त्या रेल्वेच्या सुरुवातीच्या आराखड्यात घाट चढायची वाट म्हणून आमच्या माळशेज घाटाचा विचार झाला होता. पुढे मोजणीनंतर तो बेत सोडून भोर आणि थळ हे घाट निवडले गेले, नाहीतर आज आळेफाट्याला कदाचित जंक्शनच असतं. मुद्दा हा की बडोद्याच्या एका विधवेचं आणि तिच्या कारभाऱ्याचं भांडण आता लंडनमध्ये छापून चर्चिलं जात होतं.

संचालक मंडळाचा निर्णय फार शहाणपणाचा, म्हणजेच कुणालाच न दुखावणारा होता. औट्रमची भाषा अयोग्य, पण त्याची तळमळ, धडाडी आणि कर्तबगारी वाखाणण्यासारखी. परत गेल्यावर त्याला साजेशी जागा मिळावी. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने बडोद्याचा कारभार मुंबईच्या हातातून काढून थेट आपल्याकडे घेतला आणि औट्रमला त्याच खुर्चीवर पुन्हा बसवलं. म्हणजे औट्रम जिंकला. काही महिन्यांतच त्याला एडनला पाठवलं गेलं.

आता इथे थांबून हिशोब करू. कोणाच्या भाषेत अनादर होता, कोणाची कारकीर्द वाचली, मुंबईची अब्रू गेली की राहिली, हे सगळं पानोपानी नोंदलेलं आहे. पण ज्या हमीच्या पद्धतीमुळे राजाला आपल्या राज्यात न्याय देता येत नव्हता आणि प्रजेला मुंबईत खेटे घालावे लागत होते, ती पद्धत वादाच्या केंद्रस्थानी कधी आलीच नाही. कारभार कुठून चालणार, मुंबईहून की कलकत्त्याहून, एवढंच बदललं. खटपटीला आता फक्त लांबचं तिकीट काढावं लागणार होतं.

आणि एक बोचणारी गोष्ट. एडनहून औट्रम लखनौला रेसिडेंट म्हणून गेला. १८५५ मध्ये त्याने अवधच्या कारभारावर अहवाल लिहिला. अवधमध्ये बजबजपुरी आहे असं त्याने प्रामाणिकपणे लिहिलं असेल. त्या अहवालाच्या आधाराने ७ फेब्रुवारी १८५६ रोजी कंपनीने अवध खालसा केलं. त्याच माणसाचा, तसाच कडक, तसाच गोपनीय अहवाल. मुंबईविरुद्ध लिहिला तेव्हा त्याची नोकरी गेली. नवाबाविरुद्ध लिहिला तेव्हा नवाबाचं राज्य गेलं. फरक एकच होता: मुंबईला अहवाल वाचून उत्तर देता आलं. आपल्याबद्दल काय लिहिलं जातंय ते नवाबाला तेव्हा वाचायलाच मिळालं नाही.

आया, हवालदार आणि पपनसाचं सरबत

बडोद्याच्या त्याच रेसिडेन्सीत बावीस वर्षांनी दुसरं नाटक रंगलं. १८७० मध्ये मल्हारराव गायकवाड गादीवर आले. १८७३ मध्ये रेसिडेंट म्हणून आला कर्नल रॉबर्ट फेअर. मल्हाररावांचा कारभार वाईट होता यात शंका नाही. सारा वसुलीतला जुलूम, मागच्या राजवटीतल्या माणसांवर उगवलेला सूड, याच्या तक्रारींचे ढीग होते. फेअरने मुंबईला अहवालावर अहवाल पाठवले. कर्नल मीडच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला आणि त्याच्या अहवालानंतर मल्हाररावांना १८७५च्या अखेरपर्यंत कारभार सुधारायची मुदत मिळाली. याच काळात दादाभाई नौरोजी बडोद्याचे दिवाण होते. फेअर आणि दादाभाई यांचं अजिबात पटलं नाही.

मल्हाररावांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. गावाबाहेरच्या बंगल्यात एक माणूस रोज तुमच्याबद्दल लिहितो. त्याचं लिहिणं तुम्हाला दाखवलं जात नाही. तुमचं राज्य राहणार की जाणार हे त्या लिहिण्यावर ठरणार आहे. सरळ मार्ग एकच, वरच्यांकडे तक्रार. तो मल्हाररावांनी वापरला: २ नोव्हेंबर १८७४ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुकला खलिता गेला की फेअरला इथून हलवा. वाकडा मार्गही एकच होता, त्या बंगल्यातली माणसं फोडणं.

९ नोव्हेंबरला सकाळी फेरफटका मारून आल्यावर फेअरने नेहमीप्रमाणे पपनसाचं सरबत घेतलं. दोन घोट प्यायला, चव विचित्र लागली, उरलेलं फेकलं. पेल्याच्या तळाशी साका होता. तपासणीत सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली, असं सांगण्यात आलं. १४ जानेवारी १८७५ रोजी मल्हाररावांना अटक झाली.

त्यांच्यावरचे आरोप वाचण्यासारखे आहेत. विषप्रयोग हा आरोप चौथा, शेवटचा. पहिला आरोप रेसिडेन्सीच्या नोकरांशी गुप्तपणे बोलल्याचा. दुसरा त्यांना लाच दिल्याचा. तिसरा त्यांना हेर म्हणून वापरून रेसिडेंटची गुपितं मिळवल्याचा आणि त्याला इजा करायचा बेत केल्याचा. म्हणजे सुरुवातीचे आरोप सरळ सरळ माहिती फोडण्याचे होते.

साक्षीला उभे राहिले ते अमीना आया, राऊजी हवालदार, नरसू जमादार. साहेबाच्या घरात वावरणारी, पण इतिहासाच्या पुस्तकात एरवी ज्यांना जागा नसते अशी माणसं. रात्री वाड्यावर जाऊन साहेबाकडे कोण आलं, काय बोललं गेलं हे आपण सांगत होतो, अशा जबान्या त्यांनी दिल्या. आमच्या आळे गावात रेड्याची समाधी आहे. ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले तोच हा रेडा, अशी श्रद्धा आहे. ज्यांनी बोलू नये असं ठरलेलं असतं त्यांच्या तोंडून शब्द निघाले की आपल्याकडे त्याचा चमत्कार होतो. बडोद्यात त्याचा खटला झाला. चमत्कारात रेड्याला कुणी विचारत नाही की तुला कुणी पढवलं. खटल्यात बचावाचा वकील सार्जंट बॅलंटाइन नेमकं तेच विचारत होता, आणि पोलिसांच्या ताब्यात राहिलेल्या साक्षीदारांच्या जबान्यांच्या चिंधड्या करत होता.

आयोगात सहा जण होते. अध्यक्ष सर रिचर्ड काउच, शिवाय मीड आणि मेलव्हिल हे इंग्रज. जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज रामसिंग आणि सर दिनकरराव हे भारतीय. तीन इंग्रजांना आरोप सिद्ध वाटला. तीन भारतीयांना वाटला नाही. पुण्यात सार्वजनिक सभेने मल्हाररावांची बाजू घेतली.

मग सरकारने काय केलं? एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केलं, आणि जाहीरनाम्यात आधार दिला तो विषप्रयोगाचा नव्हे, तर एकंदर गैरकारभाराचा. म्हणजे महिनाभर चाललेला जाहीर खटला बाजूला ठेवून पुन्हा त्या जुन्या अहवालांकडेच बोट दाखवलं. मल्हाररावांना मद्रासला पाठवलं, तिथेच १८८२ मध्ये ते वारले. नाशिकजवळच्या कवळाण्याचा गोपाळ नावाचा मुलगा दत्तक घेऊन गादीवर बसवला. तोच पुढचा सयाजीराव.

फेअरचंही भलं झालं नाही. खटला उभा राहण्याच्या आधीच, नोव्हेंबर १८७४ मध्ये, त्याच्या जागी सर लुई पेली याला नेमायचं ठरलं होतं. फेअरचा स्वभाव या कामाला योग्य नाही असं कलकत्त्याचं मत पडलं. औट्रमप्रमाणेच याचाही सूर खटकला. अहवाल मात्र वापरले गेले.

आजचे औट्रम

हे सगळं जुनं झालं म्हणावं तर अलीकडची यादी पाहा.

फेब्रुवारी १८९८: अमेरिकेतला स्पेनचा वकील एन्रिके द्युपुई द लोम याने एका मित्राला लिहिलेलं खासगी पत्र न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आलं. त्यात अध्यक्ष मॅकिन्लेला त्याने दुबळा म्हटलं होतं. त्याने राजीनामा दिला. दोन-अडीच महिन्यांत दोन्ही देश युद्धात होते.

ऑगस्ट २००९: संयुक्त राष्ट्रांतल्या नॉर्वेच्या मोना युल यांची आपल्या सरकारसाठीची टिपणी नॉर्वेच्या ‘आफ्टेनपोस्टेन’ दैनिकात आली. सरचिटणीस बान की-मून यांच्या दुबळ्या नेतृत्वावर त्यात कडक टीका होती, आणि त्या टीकेत श्रीलंका आणि म्यानमारचे विषय होते.

मार्च २०११: विकिलीक्सने उघड केलेल्या अमेरिकी तारांमुळे मेक्सिकोतले राजदूत कार्लोस पास्कुआल यांना राजीनामा द्यावा लागला. अमली पदार्थांच्या टोळ्यांशी लढताना मेक्सिकोचं लष्कर कुठे कमी पडतं, हे त्यांनी लिहिलं होतं.

जुलै २०१९: वॉशिंग्टनमधले ब्रिटिश राजदूत किम डॅरॉक यांनी ट्रम्प सरकारच्या गोंधळाबद्दल लिहिलेला मजकूर फुटला. तीन दिवसांत त्यांचा राजीनामा.

प्रत्येक वेळी आपण काय वाचलं? कुणी कुणाला काय म्हटलं. दुबळा, अकार्यक्षम. विशेषणं फिरली. श्रीलंकेत २००९ मध्ये युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत अडकलेल्या सामान्य माणसांसाठी संयुक्त राष्ट्रांनी काय केलं, हा युल यांच्या टिपणीतला खरा प्रश्न विशेषणाइतका व्हायरल झाला नाही. पास्कुआल यांच्या तारांचा विषय असलेल्या हिंसेत माणसं मरतच राहिली.

माझं म्हणणं एवढंच आहे. गोपनीय अहवालाचे दोन शत्रू आहेत, आणि आपल्याला त्यातला एकच दिसतो. अहवाल फुटला की दूत पुढच्या वेळी मोकळेपणाने लिहीत नाही, हे खरं. त्यामुळे काही प्रमाणात गुप्तता लागतेच, हेही मान्य. पण अहवाल कधीच उघडला नाही की ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला उत्तर देता येत नाही, आणि तो अमीना आयाच्या दारात जाऊन उभा राहतो. अवधच्या नवाबाला तर तेवढीही सवड मिळाली नाही. दोन्ही बाबतीत, फुटो की बंद राहो, मजकूर खरा की खोटा हे तपासायची तसदी कुणी घेत नाही. फुटला की गदारोळात ती राहून जाते, बंद राहिला की मोहोरेखाली.

औट्रमच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत, कारण ते कागद छापले गेले आणि आज आपण ते वाचून स्वतः मत बनवू शकतो. मी ते वाचताना औट्रमच्या अपमानापेक्षा जोइताबाईच्या अर्जांवर जास्त रेंगाळतो. तिला भाषेच्या सुराची चिंता करायची चैन परवडणारी नव्हती. तिचा प्रश्न साधा होता: हे मूल माझं आहे, हे मान्य करायला किती पैसे लागतील? बडोद्यात, मुंबईत आणि लंडनमध्ये त्या प्रश्नावर हजारो ओळी लिहिल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक ओळी एका साहेबाने दुसऱ्या साहेबाशी नीट बोलावं की नाही याबद्दल आहेत.

पुढचा अहवाल फुटेल, आणि तो फुटणारच आहे, तेव्हा तुमच्या फोनवर सगळ्यात आधी विशेषण येईल. ते फॉरवर्ड करण्याआधी खाली स्क्रोल करा. त्या अहवालात जोइताबाई कोण आहे, ते शोधा.